टॉकबॅक बंद पडला तेव्हा

आमच्या स्टुडिओच्या भिंतींना रजया लावलेल्या होत्या. मोठ्या स्टुडिओत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर खास बनवलेली जाड अस्तरं असतात. आमचं चॅनल जयपूर शहरापुरतं, केबलवरून घरोघरी जाणारं, आणि स्टुडिओ म्हणजे बनी पार्कमधल्या एका जुन्या बंगल्याचा उंच छताचा दिवाणखाना. मालकांच्या मेहुण्यांचं चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, रजयांचं दुकान होतं. त्यांनी चारही भिंतींवर वरपासून खालपर्यंत फुलाफुलांच्या रजया ठोकून दिल्या आणि आवाज खरोखरच घुमायचा थांबला. नवीन पाहुणा आला की कॅमेऱ्याकडे बघण्याआधी भिंतीवरून हात फिरवायचा. एका बाईंनी तर मुलाखत संपल्यावर सगळ्यांसमक्ष दुकानाचा पत्ता विचारला होता. उन्हाळ्यात मात्र दिवे लागले की आत बसलेल्या माणसाचं भरीत व्हायचं.

त्या दिवाणखान्यात मी निवृत्त होईपर्यंत फ्लोअर मॅनेजर होते. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी पल्लवी इथल्या एका आयटी कंपनीत आहे. तिने विचारलं, "काकू, म्हणजे तुम्ही टीव्हीवर दिसायचात?" मी म्हटलं, "नाही गं. मी दिसले असते तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं."

ती हसली, पण तिला कळलं नव्हतं. बहुतेकांना कळत नाही, म्हणून आधी सांगते.

कार्यक्रम चालू असताना त्याचा सूत्रधार, म्हणजे दिग्दर्शक, स्टुडिओत नसतो. आमच्याकडे दिवाणखान्याच्या वर एक सज्जा होता. तो काच लावून बंद केला होता आणि तीच आमची कंट्रोल रूम. तिथे राठौड़साहेब बसायचे. त्यांच्यासमोर तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रं. ते तिथून माझ्या कानात बोलायचे. माझ्या डोक्यावर हेडफोन आणि तोंडासमोर छोटा माइक लावलेला असायचा. आमच्या दोघांमधल्या बोलण्याच्या सोयीला टॉकबॅक म्हणतात. साहेब माझ्या कानात सांगणार, "नीलिमाजी, एक मिनट बचा है," आणि मी ते निवेदिकेला सांगणार. पण तोंडाने नाही, कारण माइक उघडे असतात. मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून एक बोट वर करणार. बोट हवेत गोल फिरवलं की आवरतं घ्या. दोन्ही हातांनी पीठ ताणल्यासारखं केलं की वाढवा, चालू ठेवा. तळहात गळ्यावरून फिरवला की थांबा. म्हणजे खालच्या मजल्यावर सगळे बोलत असायचे आणि न बोलता काम करणारी मी एकटीच. नवरा म्हणायचा, "हिला घरी बोलायला एवढं का लागतं, ते आत्ता कळलं."

नवरा सैन्यात इंजिनिअरिंग विभागात होता. शेवटची बदली जयपूरची झाली, मुलांच्या शाळा लागल्या, आणि आम्ही सांगलीला परत जायचं म्हणत म्हणत इथलेच झालो. मी चॅनलमध्ये गेले ती स्वागताच्या टेबलावर बसायला. एक दिवस फ्लोअरवरचा माणूस आला नाही आणि राठौड़साहेबांनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला, तो राहिलाच.

पाहुण्यांची तऱ्हा काय सांगू! एक ज्योतिषी दक्षिणेकडे तोंड करून बसायला तयार नव्हते, तर आम्ही अख्खा सेट फिरवला, आणि मग मागे आलेल्या रजईवर काळे ठिपके होते म्हणून ते परत उठले. चारदीवारीतले लाखेच्या बांगड्या करणारे एक म्हातारे कारागीर आले होते. बाहेर व्हरांड्यात इतकं बोलत होते की सगळे हसून बेजार. दिवा लागला, कॅमेरा सुरू झाला आणि त्यांची वाचाच गेली. प्रश्नाला नुसती मान. मला वाटलं, या माणसाचे हात रिकामे आहेत म्हणून हे होतंय. मध्यंतरात मी त्यांच्या नातवाला स्कूटरवर पिटाळलं आणि त्यांची छोटी शेगडी नि लाखेच्या कांड्या आणवल्या. हाताला काम मिळालं आणि म्हातारबाबा असे सुटले की आवरतं घ्या म्हणून मी बोट फिरवून फिरवून थकले. त्यांनी माझ्याकडे बघून सगळ्या शहरासमोर विचारलं, "ये मैडम उंगली क्यों घुमा रही हैं?"

आणि मोर. बनी पार्कातल्या मोरांना आमचा कार्यक्रम सुरू झाल्याचा लाल दिवा कळायचा असं माझं ठाम मत आहे; तो लागला की नेमके तेव्हाच केकाटायचे. लग्नसराईत शेजारच्या रस्त्याने वराती जायच्या. आमच्या किती गंभीर चर्चांना मागून बँडची साथ लाभली आहे, ते जयपूरकरांना विचारा.

शाळांच्या भेटी हाही माझ्याच कामाचा भाग होता. मुलं रांगेत यायची, मी त्यांना दिवे, कॅमेरे, मेकअपची खोली दाखवायची. मुलांचे प्रश्न ठरलेले असत: आम्ही कधी दिसणार, आणि निवेदिका ताईंना सगळं पाठ कसं होतं. त्यांना कॅमेऱ्यापुढची सरकती अक्षरं दाखवली की "चीटिंग! चीटिंग!" असा गिल्ला व्हायचा. या सगळ्या भेटी आता माझ्या डोक्यात एकात एक मिसळून गेल्या आहेत. एक सोडून.

ती श्रावणातली, तीजेच्या दिवशीची भेट. जयपुरात तीजेला देवीची पालखी निघते, पुढे हत्ती, उंट, बँड. आमचं चॅनल ती सवारी त्रिपोलिया दरवाजाजवळून थेट दाखवायचं. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस. अशा दिवशी भेट ठेवायची नसते, पण मालकांनी परस्पर हो म्हटलं होतं. दुपार कलताना बस आली. उतरलेली मुलं अजिबात गोंगाट करत नव्हती. पायांचा आवाज, अधूनमधून एखादा चीत्कार, बस्स. मूकबधिर मुलांची शाळा होती ती. बरोबर सुमनजी नावाच्या शिक्षिका, आणि मदतीला आलेली एक आई.

त्या आईने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या?"

कराडजवळच्या गावातल्या संगीताताई. नवरा सुभेदार, राहायला सैन्याच्या वसाहतीत. जयपूरला येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची मुलगी ऋतुजा, चौदा-पंधराची, उंच, दोन वेण्या, आणि डोळे असे की एका नजरेत खोलीतली सगळी माणसं मोजून घेईल. या शाळेत ती त्याच वर्षी आली होती.

मी फ्लोअरवर माझ्या खुणा दाखवल्या. दरवेळी मुलांना त्या शिकवायला वेळ लागायचा. या मुलांनी माझ्याआधीच ओळखल्या. मी बोट गोल फिरवलं, सुमनजींनी अर्थ सांगायच्या आत कुणीतरी "संपवा, संपवा" असं हातांनी करून दाखवलं. ताणण्याची खूण त्यांना फार आवडली. सगळीच मुलं हवेत पीठ ताणत उभी राहिली. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं त्या खोलीत हातांनी बोलणारी मी एकटी होते आणि अचानक माझ्या गावची माणसं भेटल्यासारखं झालं.

ऋतुजाही हात उचलू लागली होती. तेवढ्यात संगीताताई मागून आल्या आणि तिचा हात हलकेच दाबून खाली केला. "हात खाली," त्या ओठ मोठे करून, तिला दिसेल असं म्हणाल्या. ऋतुजाचे हात खाली गेले. रागावून नव्हे, अगदी सवयीने.

मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. "आवं ताई, आधीच्या पोस्टिंगला डॉक्टरांनी सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हातानं बोलायची सवय लागली, तर तोंड कधीच उघडायची न्हाई. तेव्हापास्नं आम्ही घरात हात हलवू देत नाही. तिला ओठ वाचता येतात, थोडं बोलते पण. या शाळेत सगळेच हात करतात, म्हणून मी मुद्दाम आले बरोबर. आणि खरं सांगू, कॅन्टीनला गेलं की बायका बघत्यात. मतलब, चांगलं दिसत नाही ना."

दुसऱ्याच्या लेकराबद्दल आपण काही बोलायचं नसतं. एवढंच म्हटलं, "ताई, मला इथे हात हलवायचाच पगार मिळतो." त्या हसल्या. पण ऋतुजाच्या मनगटावरचा त्यांचा हात निघाला नाही.

सवारीची वेळ झाली. मुलांना वर कंट्रोल रूममध्ये काचेपाशी उभं केलं. खाली स्टुडिओत आमची निवेदिका गरिमा, नवीनच लागलेली, आणि पाहुणे म्हणून घेवर ही तीजेची मिठाई करणारे एक वयस्क हलवाई. बेत असा होता, की हलवाईबाबांशी थोड्या गप्पा, तोवर लिंक लागून त्रिपोलियाचं चित्र येईल, आणि आम्ही सगळे तिकडे जाऊ. लाल दिवा लागला. मी कॅमेऱ्याशेजारी उभी. गरिमा छान बोलत होती. हलवाईबाबा मात्र कमी शब्दांचे. घेवर कसा करतात? "मैदा, घी, चाशनी." आणि? "और क्या, बिटिया? बस, यही."

राठौड़साहेब कानात म्हणाले, "नीलिमाजी, लिंक अभी नहीं आई, ज़रा..." आणि मग माझ्या कानात काहीच नाही. आधी एक खरखर, आणि मग तीही नाही.

टॉकबॅक गेला होता. गरिमाच्या कानात अडीअडचणीला असायचा तोही गेला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिचं हसू जागच्या जागी थिजलं. बाहेरून काही यायचा मार्ग नाही. मोबाइल फ्लोअरवर चालत नसत, सगळ्यांचे दाराबाहेर टोपलीत. आणि ते दार असं जुनं, की उघडलं तर त्याची किरकिर घराघरांत ऐकू जायची. लिंक आलीय का, यायचीय का, गरिमाने सवारीची घोषणा करायची की पाहुण्यांशी बोलत राहायचं, काही कळेना. चुकून "चला त्रिपोलियाला" म्हणाली आणि चित्र नसलं तर सगळ्या शहराला काळा पडदा दिसणार.

मी वर काचेकडे पाहिलं आणि कान थोपटून दाखवला: ऐकू येत नाही. राठौड़साहेब काचेपासून लांब, टीव्हीच्या पडद्यांच्या भिंतीआड बसलेले, ते दिसतच नव्हते. त्यांना वाटत होतं, मी ऐकतेय. काचेला चिकटून फक्त मुलं होती.

मी कानावर परत थोपटलं. मुलांच्या रांगेतून ऋतुजा वळली आणि दिसेनाशी झाली. नंतर कळलं, तिने जाऊन साहेबांची बाही ओढली, आपला कान दाखवला, मग काचेतून खाली मला दाखवलं. साहेबांनी हेडफोनमध्ये हाका मारून पाहिल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं. आवाजवाला तारा तपासायला धावला. साहेबांनी मोठ्या कागदावर काहीतरी लिहून काचेला लावलं. खालच्या दिव्यांच्या झळाळीत मला तो कागद नुसता पांढरा दिसत होता.

त्या कागदाच्या शेजारी ऋतुजा उभी राहिली. तिने दोन्ही हात छातीसमोर धरले आणि सावकाश लांब केले. ताणा. चालू ठेवा.

मी गरिमाला तीच खूण केली. तिने श्वास घेतला आणि हलवाईबाबांना घेवरबद्दल पुन्हा काहीतरी विचारलं. "बताया तो, बिटिया," ते म्हणाले.

मी परत वर पाहिलं. आता पुढे काय? ऋतुजा मान वळवून साहेबांच्या ओठांकडे बघत होती. मग ती माझ्याकडे वळली, तिचे हात उठले, आणि तेवढ्यात मला दिसलं, मागून संगीताताई आल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. हात अर्ध्यावर थांबले. मला काचेतून एवढंच दिसत होतं: आईचा हात, मुलीचं मनगट, आणि मुलीचे डोळे माझ्यावर खिळलेले. खाली गरिमाचे शब्द संपत आले होते.

पुढचं मला तिथे असलेल्यांनी सांगितलं. राठौड़साहेब तसे सभ्य माणूस. पण कार्यक्रम चालू असताना ते मालकांनासुद्धा ओळखत नसत. ते जागेवरून ओरडले, "उसके हाथ मत पकड़िए, मैडम! वही तो बोल रही है!"

आणि मनगटावरचा हात निघाला.

ऋतुजाने बोटं वरून खाली आणली, टपटप, टपटप. पाऊस. मग एक हात नाकाशी नेऊन पुढे लांब सोंड काढली. हत्ती. मग दोन्ही तळहात समोर, थांबलेले. मग आपल्या वेण्यांवरून पाणी निथळतंय असं दाखवून ती खांदे उडवून उभी राहिली, अगदी कंटाळलेल्या हत्तीसारखी. माझ्या खुणांमध्ये पावसाला खूण नव्हती, हत्तीला तर नव्हतीच. पण मला सगळं सगळं कळलं. मी पाटीवर खडूने लिहिलं, "वहाँ बारिश है, हाथी भीग रहे हैं, सवारी रुकी है," आणि पाटी कॅमेऱ्याखाली धरली.

गरिमाने ते वाचून सांगितलं मात्र, आणि हलवाईबाबा खुर्चीत सरळ झाले. "बारिश? तीज पर बारिश?" त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागला. मग ते बोलायला लागले. लहानपणी वडिलांबरोबर सवारीला घेवराची टोपली डोक्यावर घेऊन जायचे, पावसात टोपली वाचवायला स्वतःचा साफा सोडून त्यावर कसा घातला, देवीसमोर बोडक्या डोक्याने उभं राहिल्याबद्दल वडिलांनी कशी थप्पड मारली आणि मग स्वतःचा साफा काढून यांना कसा बांधला. गरिमा प्रश्न विचारायचंच विसरली. कॅमेरामन डोळे पुसत होता. मला वर बघायचं भान उरलं नव्हतं. बघितलं तेव्हा ऋतुजा दोन्ही हातांनी समोर दाखवत होती, जा, जा, आणि पुन्हा सोंड, यावेळी डुलणारी. हत्ती चालू लागले होते. मी गरिमाला खूण केली आणि आम्ही त्रिपोलियाला गेलो. पडद्यावर ओलीचिंब, झगमगणारी सवारी आली.

नंतर वर गेले तर टॉकबॅक दुरुस्त करणारा अजून टेबलाखालीच होता. मुलं राठौड़साहेबांभोवती जमली होती. ती एकमेकांना आणि मोठ्यांनाही खुणेची नावं देतात हे मला तेव्हा कळलं. सगळं नाव बोटांनी लिहीत बसण्यापेक्षा माणसाची एखादी लकब उचलायची. साहेबांचं नाव झालं मिशीला पीळ. माझं नाव झालं कानावर दोनदा थोपटणं. ऐकू न येणाऱ्या मुलांनी मला कानावरून नाव ठेवलं! मी हसतच सुटले.

संगीताताई भिंतीशी उभ्या होत्या. मग त्यांनी सुमनजींना विचारलं, "और मेरा नाम? इसने मेरा क्या नाम रखा है?"

सुमनजी गडबडल्या. "वो... बच्चे हैं, कुछ भी रख देते हैं."

पण ऋतुजाने आईचे ओठ वाचले होते. तिने उजवा तळहात पालथा धरला आणि दोनदा खाली दाबला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

त्याचा अर्थ विचारायची कुणालाच गरज पडली नाही. संगीताताई खाली बसल्या. मला वाटलं आता रडतील, पण त्या रडल्या नाहीत. मग त्यांनी आपले हात वर केले. हे हात कधी असे उचललेले नव्हते, हे दिसत होतं. बोटं कशी धरायची तेच त्यांना कळत नव्हतं. त्यांना एकही खूण येत नव्हती, दुपारी मी शिकवलेल्या दोन-चार सोडून. त्यांनी दोन्ही हात छातीसमोर धरले आणि लांब केले. चालू ठेव.

ऋतुजा जवळ आली. मग तिने आईचे कोपर धरून थोडे वर उचलले, हातांमधलं अंतर नीट करून दिलं, आणि मान हलवली. असं कर, म्हणजे बरोबर.

त्यानंतर संगीताताई शनिवारी शाळेत जाऊन बसू लागल्या, लहान वर्गात, लहान मुलांबरोबर. भेटल्या की सांगायच्या, "ताई, मला कायम सगळ्यात कमी मार्क. पोरं हसत्यात मला." इकडे राठौड़साहेबांनी मालकांच्या मागे लागून आठवड्याच्या बातम्यांना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन मिळवला. त्यात सुमनजी आणि ऋतुजा आळीपाळीने उभ्या राहून खुणांनी बातम्या सांगायच्या. एकदा आमेरहून बसने एक वयस्कर शिंपी आले. चौकीदाराला त्यांचं काही कळेना, म्हणून मला बोलावलं. त्यांनी पडद्याचा चौकोन हवेत काढला, कोपरा दाखवला, दोन वेण्या दाखवल्या. त्या मुलीला बघायचं होतं त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा बातम्या कळल्या, असं त्यांनी तिला सांगितलं. ऋतुजाने ते आम्हाला सांगितलं आणि मग उगाचच खिडकीशी जाऊन मोर बघत उभी राहिली.

पुढे सुभेदारांची बदली झाली. ऋतुजाच्या जागी दुसरी मुलगी आली, काही काळ चाललं, मग जाहिरातींना जागा हवी म्हणून तो चौकोन गेला. मी बैठकीत बोलले होते. पण बोलण्यात मी कच्ची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या शिंप्यांना हे कोणी सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. राठौड़साहेब गेले. चॅनल विकलं गेलं. आता बातम्या म्हणजे एक हिरवा पडदा आणि आपोआप फिरणारे कॅमेरे. कानात बोलायला कोणी नाही आणि हात हलवायलाही कोणी नाही. स्टुडिओची आठवण म्हणून एक रजई मी मागून घेतली. खिळ्यांची भोकं आहेत तिला, पण ऊब तीच.

मागच्या थंडीत संगीताताई आणि ऋतुजा जयपूरला आल्या. स्टुडिओ बघायचाय म्हणाल्या. आमचा बंगला आता गेस्ट हाउस झालाय आणि दिवाणखान्यात जेवणाची टेबलं मांडलीत. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून चहा मागवला. ऋतुजा चांगली थोराड दिसू लागलीय. मूकबधिर मुलांना शिकवायचं शिक्षण तिने पुरं केलं आहे, आणि तिच्या त्या जुन्या शाळेने तिला बोलावलं आहे. आईचं म्हणणं, साताऱ्यात नोकरी बघ, बाप आता थकला, एवढ्या लांब एकटी कशाला?

हे मला पहिल्या मिनिटात कळलं. पुढचं काही कळलं नाही, कारण दोघींची खुणांनीच जुंपली. ऋतुजाचे हात विजेसारखे चालत होते आणि संगीताताई तिचं पुरं होऊ देतील तर शपथ. मध्येच तिचे हात बाजूला सारून स्वतःचं म्हणणं मांडायच्या. टेबलावर थापा पडत होत्या. साखरेचं भांडं लवंडलं. बाजूच्या टेबलांवरचे पाहुणे खाणं थांबवून बघत होते, आणि संगीताताईंना त्याची काडीइतकी पर्वा नव्हती. मी दोन-तीनदा मध्ये पडायला हात उचलला, तर दोघींनीही मला गप्प बसायची खूण केली.

ट्रे घेऊन आलेला वेटर थबकला. खाली वाकून हळूच मला म्हणाला, "मैडम, कुछ गड़बड़ है क्या?"

"कुछ नहीं. माँ-बेटी हैं, झगड़ रही हैं."

"इतना?"

"बचपन का सारा बाकी है, भैया," मी म्हटलं. "चाय ढककर रख दो."